शेवटच्या दाराची सुरगाठ

फार पूर्वी, समुद्राच्या पार पलीकडे एका उघड्या माळावर एक गाव होतं. उन्हाळ्यात तिथे मका माणसाच्या डोक्यावरून जायचा आणि हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत साचायचा. गावातले लोक मूळचे तिथले नव्हते. एका राजाच्या जाचाला कंटाळून ते जहाजातून आले होते. राजा तरी कसा, तर कुणाच्या धुराड्यातून किती धूर निघतो यावरही त्याची माणसं नजर ठेवून असत!

जहाजातून उतरल्यावर त्या लोकांनी दोन गोष्टी ठरवल्या. वाडवडिलांची रीत सोडायची नाही, आणि पुन्हा कुणाला आपला मालक होऊ द्यायचं नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात म्हटल्या, त्यामुळे त्या दोन आहेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ते ध्यानात यायला त्यांची मुलं मोठी व्हावी लागली.

त्या गावात दोघं भावंडं होती. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. थोरल्याच्या डोक्यात वडिलांची पहिली गोष्ट पक्की बसली होती आणि धाकटीच्या डोक्यात दुसरी. दोघांचं एकमेकांवर प्रेम फार, आणि पटत मात्र कशावरच नसे.

गावाची एक रीत होती. पहिला बर्फ पडायच्या आधी सगळे मिळून गावभर दोर बांधत. प्रार्थनाघराच्या दारापासून निघालेला दोर खांबाखांबाने घराघराला जाई आणि शेवटी धाकटीच्या दाराच्या कडीला येऊन थांबे. तिचं घर गावाच्या अगदी टोकाला होतं. हिमवादळ आलं की त्या माळावर स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. मग कुणाला शेजारी जायचं असेल, विझलेल्या चुलीसाठी निखारे आणायचे असतील, तर माणूस दोर धरून जाई आणि दोर धरून परत येई. प्रत्येक खांबावर जादा दोराचं एक वेटोळंही अडकवलेलं असे, अडीअडचणीला लागलं तर असावं म्हणून.

वडील गेल्यावर दोराची राखण थोरल्याकडे आली. एका हिवाळ्यात वाऱ्याने एक गाठ सुटली आणि एक मेंढपाळ वाट चुकून गोठून गेला. थोरल्याला ते फार लागलं. कितीतरी दिवस त्याला जेवण गोड लागेना. त्याने हुकूम काढला, "यापुढे सगळ्या गाठी निरगाठी. ओढली की आवळणारी, काही केल्या न सुटणारी गाठ."

गावाला ते पटलं. पुढच्या वर्षी थोरल्याने गाठी तपासायला माणसं नेमली. तेही पटलं. त्याच्या पुढच्या वर्षी वेटोळीसुद्धा निरगाठीने बांधली, कुणी उगाच नेऊ नयेत म्हणून. आणि मग ठरलं, की जो दोर बांधणार नाही त्याला सुगीच्या पंगतीत पान वाढायचं नाही. भल्या माणसाच्या मनात एकदा भीती बसली, की तो कुठे थांबेल याचा नेम नसतो.

तपासणारी माणसं धाकटीच्या दारी आली, तेव्हा ती झाडू घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"खांबापर्यंत काय करायचं ते करा. माझ्या कडीला हात लावायचा नाही."

"अहो ताई, नुसती गाठ बघतो."

"राजाची माणसंही नुसता धूरच बघायची."

माणसं परत गेली. दरवर्षी ती यायची आणि दरवर्षी झाडू बघून परत जायची.

धाकटीही काही कमी नव्हती बरं का. तिला इतका चेव चढला होता, की जे जे गाव करी त्याच्या उलट ती करी. गाव सकाळी लापशी खाई म्हणून ही संध्याकाळी खाई. प्रार्थनेची घंटा झाली की मुद्दाम कपडे धुवायला काढी. भर थंडीत कपडे वाळायचे नाहीत आणि ओले कपडे घालून शिंका देत हिंडायची, पण हट्ट सोडायची नाही.

पंगतीची ती धमकी ऐकल्यावर मात्र तिचं डोकंच फिरलं. ती तरातरा शेवटच्या खांबाशी गेली आणि आपल्या घराकडे येणाऱ्या दोराची गाठ सोडू लागली. गाठ कसली सुटतेय! नखं तुटली, तरी निरगाठ हलेना. मग तिने कुऱ्हाड आणली आणि गाठीपासून हातभर अंतर ठेवून दोर तोडून टाकला. तुटलेला लांब दोर तिने गुंडाळून वळचणीला टांगला. त्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला होतं, ते तसंच राहिलं.

थोरला धावत आला. "अगं, काय केलंस हे? बाबांची रीत तोडलीस!"

"रीत होती तोवर पाळली, दादा. आता तो हुकूम झालाय."

"आणि बर्फात अडकलीस म्हणजे?"

"म्हणजे माझी मी अडकेन."

थोरल्याने रागारागात आणखी एक नियम केला. दोराजवळ सुरी, कोयता, कुऱ्हाड काही न्यायचं नाही. त्या दिवसापासून भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

त्या हिवाळ्यात भर दुपारी वादळ आलं. उत्तरेचा वारा घोंघावू लागला आणि बघता बघता समोरचं अंगण दिसेनासं झालं. थोरला जेवायला बसला होता. धाकटी राहत होती ते घर वडिलांचं. त्याचं धुराडं उत्तरेकडे उघडं होतं आणि उत्तरेचा वारा सुटला की तिथली चूल हमखास विझायची. लहानपणी अशा वेळी वडील त्यालाच दोर धरून निखारे आणायला पाठवत. आज धाकटीच्या दारापर्यंत दोर जात नव्हता.

तो नुसता चमचा वाडग्यावर आपटत बसला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, जायचं असेल तर जा. त्या वाडग्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

थोरला उठला. अंगावर घोंगडी घेतली आणि दोर धरून निघाला. एकेक खांब चाचपत तो शेवटच्या खांबाशी पोहोचला. तिथे दोर संपला. पुढे नुसता पांढरा अंधार होता. धाकटीचं घर हाकेच्या अंतरावर, पण तसल्या वादळात आजवर कितीतरी लोक आपल्याच अंगणात वाट चुकून मेले होते.

खांबावरच्या वेटोळ्याची त्याला आठवण झाली. ते सोडावं, एक टोक खांबाला बांधावं, दुसरं कमरेला, आणि पुढे जावं. त्याने गाठीला हात घातला. निरगाठ! भिजून, गोठून ती लोखंडासारखी झाली होती. त्याने बोटांनी ओढली, दातांनी ओढली. मग सवयीने कमरेची सुरी चाचपली. सुरी नव्हती. दोराजवळ सुरी न्यायची नाही हा नियम कुणाचा, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

थोरला खांबाला धरून लहान मुलासारखा रडू लागला. मग होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "धाकटे! धाकटे गं!"

इकडे धाकटीची चूल केव्हाच विझली होती. घरातलं पांघरूण न् पांघरूण अंगावर घेऊन ती कोपऱ्यात कुडकुडत बसली होती. पायांची बोटं आहेत की नाहीत ते कळेनासं झालं होतं. हाक ऐकून तिला आधी रागच आला. 'बघा! असल्या वादळातही गाठ तपासायला आला!'

पुन्हा हाक आली. हा आवाज हुकूम देणाऱ्याचा नव्हता. लहानपणी ती विहिरीत पडली होती, तेव्हा दादा असाच ओरडला होता.

ती उठली. वळचणीचं वेटोळं काढून खांद्यावर टाकलं. एक टोक कडीला होतंच. दुसरं हातात घट्ट धरून, दोर सोडत सोडत ती आवाजाच्या दिशेने निघाली. दोर संपत आला तेव्हा खांबाशी उभी असलेली आकृती पुसट दिसली. पण दोर पुरेना. हातभर कमी पडला. तिनेच तोडून खांबाला लटकत ठेवलेला तो हातभर तुकडा!

"दादा, पुरत नाही रे!"

थोरल्याने एका हाताने खांब धरला आणि दुसरा हात पुढे केला. धाकटीने एका हाताने दोराचं टोक धरून दुसरा हात लांबवला. वाऱ्याने दोनदा त्यांची बोटं चुकवली. तिसऱ्यांदा त्याने तिचं मनगट पकडलं आणि तिला खांबाकडे ओढून घेतलं. मग दोघंही गावाचा दोर धरून एकामागे एक थोरल्याच्या घरी आली.

थोरल्याच्या बायकोने धाकटीचे पाय कोमट पाण्यात बुडवले आणि लाल भोपळ्याचं गरम गरम सार तिच्या हातात दिलं. हळूहळू पायांच्या बोटांत ऊब आली. सगळी बोटं शाबूत होती. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी धाकटीने सकाळी लापशीसुद्धा खाल्ली, कुरकुर न करता.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दोघं तिच्या घरी गेली. दोर वाऱ्याने माळावर लांबवर फेकला होता, पण कडीची गाठ जागच्या जागी होती. थोरला वाकून ती बघू लागला आणि बघतच राहिला.

"ही गाठ कुणी बांधली?"

"बाबांनी. दरवर्षी खांबाकडचंच टोक बांधू दिलं मी. त्यांच्यानंतर या गाठीला कुणाला हात लावू दिलाय का?"

ती निरगाठ नव्हती. सुरगाठ होती. थोरल्याने तिचं छोटं टोक एका बोटाने ओढलं आणि रात्रभर वादळाला दाद न दिलेली ती गाठ सर्रकन सुटली. त्याला वडिलांचे हात आठवले. प्रत्येक खांबावर ते अशीच गाठ घालायचे, आणि बांधून झाली की एकदा सोडून दाखवायचे. म्हणायचे, "ज्याला लागेल त्याला सोडता आली पाहिजे रे." मेंढपाळाच्या दुःखात तो हे साफ विसरून गेला होता.

"मग त्या वर्षी गाठ सुटली ती कशी?" त्याने स्वतःशीच विचारलं.

"कुणीतरी घाईत बांधली असेल," धाकटी म्हणाली. "माणसाला नीट बांधायला शिकवायचं, दादा. सगळ्या गावाचे हात कशाला बांधायचे?"

थोरला खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं. बाबांची रीत मी सांभाळतोय म्हणत होतो, आणि ती राहिली तुझ्या दारी."

धाकटीने पाय आपटून बर्फ झाडला. तिला असं काही बोलायची सवय नव्हती. "मीही कुऱ्हाड घालायला नको होती. तुझा दोर खांबापर्यंत आला नसता, तर मी काल गेलेच होते. पण ती गाठ सुटली असती ना, तर मी दोर कापला नसता, एवढं लक्षात ठेव."

पुढच्या हिवाळ्याआधी थोरल्याने सगळे नियम रद्द केले. तपासणी नाही, पंगतीची धमकी नाही. त्याने फक्त पोराबाळांना आणि मोठ्यांना सुरगाठ नीट घालायला शिकवली, आणि मेंढपाळाची गोष्ट सांगितली. दोर बांधायच्या दिवशी तो प्रार्थनाघराच्या पायरीवर दोराचं टोक धरून बसला. कुणीच आलं नाही तर?

पहिलं घर आलं. दुसरं आलं. एक आळशी सुतार दुपारची झोप काढून आला, पण आला. दिवस कलला तरी धाकटीचा पत्ता नव्हता. थोरला मान लांब करकरून गावाच्या टोकाकडे बघत होता. शेवटी ती आली, खांद्यावर दोर घेऊन, डुलत डुलत.

"कुणी बोलावलं म्हणून आले नाही हं," ती म्हणाली. "माझं मला वाटलं म्हणून आले."

"हो गं बाई, हो!" थोरला म्हणाला आणि डोळे पुसत हसू लागला.

त्या हिवाळ्यात धाकटी रोज सकाळी दाराबाहेर येई आणि सुटते की नाही हे बघायला कडीची गाठ एकदा सोडी. लांबून थोरला श्वास रोखून बघत उभा असे. मग ती गाठ पुन्हा नीट बांधी, भावाकडे बघून हात हलवी, आणि थोरला लापशी खायला घरात जाई.

तात्पर्य: जी गाठ सोडायची मुभा असते तीच माणसं मनापासून जपतात, पण सोडण्याआधी ती कुणी आणि कशासाठी बांधली, एवढं विचारून घ्यावं.