पाचव्यांदा सांगू नकोस

एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या एका गावात राहत असत. आयुष्यभराच्या खटपटीने त्यांनी तेथे तीन संस्था उभ्या केल्या होत्या. आजाऱ्यांसाठी औषधशाळा, मुलांसाठी पाठशाळा आणि निराधारांसाठी अन्नछत्र. तिन्ही एकाच आवारात, हाकेच्या अंतरावर. औषधशाळेत वैद्यराज होते, पाठशाळेत पंतोजी आणि अन्नछत्रावर एक कोठीवाले. तिघेही आपापल्या कामात इतके चोख की नाव ठेवायला जागा नाही. चोख माणसांची मला नेहमी हीच धास्ती वाटते. शेजारच्या दारात डोकावायची गरज त्यांना कधी भासतच नाही.

आचार्यांचा एक शिष्य होता. वय तिशीच्या पुढचे, स्वभाव हळवा. दाराशी आलेल्या माणसाला बसवून घ्यायचे, त्याची हकीकत ऐकून वहीत उतरवायची आणि आचार्यांच्या कानावर घालायची, हे त्याचे काम. तो फार मन लावून ऐके. ऐकताना त्याचे डोळे भरून येत आणि, खरे सांगायचे तर, त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

एका सकाळी येसू नावाची विधवा आपल्या सात वर्षांच्या मुलीला, गोदीला घेऊन आली. शिष्याने चटई अंथरली, वही उघडली आणि म्हणाला, "ताई, अगदी सुरुवातीपासून सांगा. घाई करू नका."

येसूने सांगितले. नवरा नावाडी होता. गेल्या वर्षीच्या पुरात पलीकडे अडकलेली माणसे आणायला गेला आणि नाव उलटली. तिसऱ्या दिवशी सापडला. त्यानंतर गोदीला ताप आला, कान वाहू लागला, पोर बोलेनाशी झाली. आता पंतोजी म्हणतात, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, नाव काढून टाकतो. आणि दीर म्हणतो, शाळाच नाही तर घरी बसवून काय करणार; परगावी एका घरी मूल सांभाळायला ठेवू. तो उद्या तिला न्यायला येणार होता.

हे सगळे ती एका सुरात, कोरड्या आवाजात बोलली. शिष्याने मधे मधे विचारले, "नाव नेमकी कुठे उलटली? तुम्ही तेव्हा कुठे होता?" तिने तेही सांगितले. गोदी खाली मान घालून चटईची एक काडी उपसत बसली होती.

शिष्य डोळे पुसत आत गेला. "आचार्य, फार करुण हकीकत आहे. आपण तिच्याच तोंडून ऐकावी."

आचार्यांनी विचारले, "तिने ही हकीकत आपल्याकडे कितव्यांदा सांगितली?"

शिष्य बोटे मोजू लागला. "वैद्यराजांना सांगितली असेल. पंतोजींना, कोठीवाल्यांना... आज मला. चौथ्यांदा."

आचार्य म्हणाले, "त्या तिघांना बोलाव."

आचार्य बाहेर येऊन बसले, तोवर तिघे आले. कामातून उठवल्यामुळे जरा घुश्शातच होते. येसू उठून उभी राहिली, पदर सावरला आणि सवयीने सुरुवात केली, "बाबा, माझा धनी नाव चालवायचा..."

आचार्यांनी हात वर केला. "पोरी, आज तू एक अक्षर बोलायचं नाहीस. बस. ताक घे. तुझी हकीकत आज हे तिघं सांगतील."

शिष्याला धक्काच बसला. दुःखी बाईला गप्प बसवायचे? तेही आचार्यांनी? पण आचार्य तिघांकडे वळले होते.

वैद्यराजांनी घसा खाकरला. "डावा कान फुटलेला आहे. त्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. रोज सकाळी कान धुवायला येते. पोटात घ्यायचं औषध दिलंय, पण गुण येत नाही. जेवणानंतर घ्यायचं, असं मी बजावून सांगितलंय."

पंतोजी चमकले. "ऐकू येत नाही? हे मला कोणी सांगितलं नाही. ती उजवीकडच्या भिंतीला टेकून बसते. म्हणजे चांगला कान भिंतीकडे आणि फुटका माझ्याकडे! मी हाक मारतो आणि ही ढिम्म. मला वाटलं, मुलगी मंद आहे. शिवाय रोज उशिरा येते आणि आली की पेंगते."

"उशिरा म्हणजे, माझ्याकडून कान धुऊन यायची ती," वैद्यराज पुटपुटले.

"आणि पेंगते का?" आचार्यांनी विचारले.

मग कोठीवाल्यांनी जरा अडखळत सांगितले, "आमच्याकडे दुपारी या बाईंचं एकच पान असतं. शाळेतल्या मुलांना शाळेतच खायला मिळतं, म्हणून आम्ही त्यांचं पान मांडत नाही."

"शाळेत?" पंतोजी म्हणाले. "मुलं अन्नछत्रात जेवतात म्हणून आम्ही ते केव्हाच बंद केलं! दोन वर्षं झाली."

दोन वर्षे. पन्नास पावलांवर राहणारी, रोज एकमेकांना नमस्कार करणारी माणसे. आईच्या एका पानातले अर्धे ती मुलगी खात होती आणि त्यावर वैद्यराजांचे औषध जेवणानंतरचे म्हणून घेत होती. मला यात कोणी दुष्ट माणूस शोधून सापडत नाही आणि म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागते.

मग तिघेही एकदम बोलू लागले. कोठीवाले म्हणाले, गोदीचे पान उद्यापासून मांडतो आणि बाकीच्या मुलांचीही. पंतोजी म्हणाले, तिला पुढे, डावीकडच्या भिंतीशी बसवतो. वैद्यराजांनी कान शाळा सुटल्यावर धुतो असे सुचवले, तर पंतोजी म्हणाले, "त्यापेक्षा तुम्हीच सकाळी पाठशाळेत या. आणखी दोघांचे कान वाहतात."

"मी पाठशाळेत यायचं?"

"ती सात वर्षांची पोर रोज तुमच्याकडे येतेच की."

वैद्यराज हसले आणि हो म्हणाले.

तिघांचे जमत आलेले पाहून शिष्याने आचार्यांजवळ सरकून हळूच विचारले, "हे सगळं छानच झालं. पण तिला गप्प का बसवलंत? बोलल्याने मन हलकं होतं, असं आपणच मला शिकवलंत."

आचार्य म्हणाले, "ज्याला सांगावंसं वाटतं, त्याचं होतं, बाळा. हिला सांगावं लागत होतं. कान दाखवायचा तरी नवऱ्याचं मरण सांगा, पोरीला शाळेत घालायचं तरी तेच सांगा, भाताचं पान हवं तरी पुन्हा तेच. प्रत्येक दारात आपण तिला त्या नदीकाठी नेऊन उभं केलं आणि त्याला आस्था म्हटलं. आणि पोर प्रत्येक वेळी शेजारी बसून ऐकत होती, हे कोणाच्या लक्षात आलं? जे आपण एकमेकांना विचारायचं, ते आपण तिला विचारत राहिलो. तिन्ही दारं मी बांधली. त्यांच्यामध्ये ये-जा असावी, हे पाहायचं मी विसरलो. तो माझा दोष. ती ये-जा ही दमलेली बाई आपल्या पायांनी करत होती."

शिष्याने हातातल्या वहीकडे पाहिले. नाव नेमकी कुठे उलटली, ते त्याने सुरेख अक्षरात लिहून ठेवले होते. त्याला फार लाज वाटली.

आपली हकीकत आपल्याला न विचारता कोणी पुढे नेते आहे, हे येसूला नवीन होते. ताकाचे भांडे खाली ठेवून ती आपण होऊन बोलली आणि या वेळी तिचा आवाज कोरडा नव्हता.

"बाबा, एक सांगू का? हे मला कुणी इचारलंच न्हाई. माझी पोर हुशार हाय. बापासंगं नावंत बसायची तवा त्यो वल्हं मारंल तसं मोजायची. ह्या काठापासनं त्या काठापातूर. एक बी चुकायची न्हाई."

पंतोजी उठले. गोदीच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हातारे गुडघे कुरकुरत असतानाही तिच्याशेजारी खाली बसले. चांगल्या कानाशी वाकून त्यांनी विचारले, "गोदा, नदी ओलांडायला किती वल्ही मारावी लागतात गं?"

गोदीने मान वर केली. कोणीतरी इतक्या स्पष्ट आवाजात आपल्याशी बोलले, याचेच तिला नवल वाटले असावे.

"पाणी किती चढलंय, त्याच्यावर हाय," ती म्हणाली.

येसूने तोंडाला पदर लावला. सगळ्या वर्षात ती पहिल्यांदाच रडली. तिला कोणीही काही विचारले नाही. पंतोजींना उठता येईना, तेव्हा वैद्यराजांनी त्यांना हात दिला. उठता उठता पंतोजी म्हणाले, "उद्या हिचे काका आले तर त्यांना माझ्याकडे पाठवा. ही मुलगी कुठेही जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक लंगडा म्हातारा काठी टेकत दाराशी आला आणि हात जोडून आपली कर्मकथा सांगू लागला. शिष्याने वही मिटून बाजूला ठेवली, त्याला चटईवर बसवले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "बाबा, याआधी आमच्यापैकी कोणाकडे गेला होतात, तेवढंच सांगा," तो म्हणाला. "बाकीचं मी त्यांना विचारून येतो. तुम्ही बसा."