रिता न होणारा हंडा

एका राज्यात शंभर गावांचं दूध एकाच सोन्याच्या हंड्यात पडायचं. हंडा जादूगारानं दिलेला. देताना त्यानं आण घातली, की हा रिता करायचा नाही. जो करील त्याचा दगड होईल. म्हणून रोज तळाला हातभर दूध राखायचं अन् त्याच्यावरच ताजं ओतायचं.

एका साली ते दूध पिऊन नगरातली पोरं निळी पडाय लागली. राजाची लेकही निळी पडली. हंड्यात शेवटची घागर म्हसू गवळ्याची व्हती, म्हणून प्रधानानं दोष त्याच्या चंद्री म्हशीवर ठेवला. उद्या दिवस मावळताना चंद्रीची मान उतरवायची ठरली.

म्हसूचं डोकं मुळात तापट. तो तडक दरबारात शिरला.

"प्रधानजी, जन्मात कधी म्हशीची कास धुतलीय का?"

"जिभेला आवर घाल, गवळ्या," राजा बोलला. "पुरावा आण."

"मग तुमची साळुंकी द्या."

राजाची साळुंकी बोलायची, अन् नासक्या दुधाला टेकली की तिची चोच काळी पडायची.

सकाळी म्हसूनं कास धुवून धार काढली. साळुंकीनं चोच बुडवली. चोच पिवळीच.

मग वेशीवर शंभर गावांच्या घागरी. पाखरू एकेक चाखत गेलं. पोट तट्ट फुगलं, चोच पिवळीच.

"गवळ्या, आता उडवत नाही मला."

"एकच राहिलंय. खांद्यावर बस."

तिसरी पाळी हंड्याची. ताजं पडायच्या आधी तिनं तळाच्या दुधाला चोच लावली. चोच कोळशावाणी झाली.

"हे तर शंभर वर्षांचं शिळं आहे," साळुंकी म्हणाली.

म्हसूनं हंड्याला खांदा लावला.

"दगड होशील," प्रधान म्हणाला.

"झालो तर पायरीला बसवा. येणारा-जाणारा पाय तरी धुवंल."

हंडा कलंडला. दूध वाहाय लागलं तसे म्हसूचे पाय दगड झाले, मग कंबर, मग छाती. शेवटी तळातनं तोच जादूगार बाहेर घसरला, इतकी वर्षं शिळ्या दुधात दडलेला, वीतभर, आंबलेला, दह्याच्या गोळ्यागत.

"झाका मला," तो म्हणाला. "ऊन लागतंय."

कोणी झाकलं नाही. उन्हात त्याचं पाणी झालं, अन् म्हसूच्या अंगावरचा दगड खपल्या पडाव्या तसा गळाला.

मग म्हसूनं प्रधानाला हंड्यात उतरवलं. राख अन् कढत पाणी, तीनदा घासायला लावलं. त्यात ताज्या घागरी ओतल्या. राजकन्येनं पेलाभर घेतलं, तिचा रंग फिरला. नगरातली पोरंही उठून बसली.

"काय देऊ?" राजानं विचारलं.

"वाट द्या. सांजच्या धारेची वेळ झालीय."

तवापासून त्या राज्यात हंडा रोज रिता होतो, रोज उन्हात पालथा पडतो, अन् दूध पिऊन पोरं गाव डोक्यावर घेत्यात.