चूळ भरून निघणारी कातरीनमाय

ऐका पोरांनो, आणि थोरांनीही ऐका, कारण गोष्ट तुमच्याच जिभेची आहे. फार फार वर्षांमागे वसईच्या किनाऱ्यावर, केळीच्या बागांत दडलेल्या एका गावात कातरीनमाय नावाची सुईण होती. बाळंतपण उरकलं की ती दारात हात धुवायची, चूळ भरायची आणि म्हणायची, "इथलं इथेच." म्हणजे त्या घरातली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर जायची नाही. तिची चूळ पडे तिथे मोगरा उगवे, असं म्हणतात.

एकदा दिवेलागणीला ती जुआनाच्या घरातून निघताना कुणाला तरी दिसली. जुआनाची लेक फिलू, तिचं तर शेजारच्या गावात लग्न ठरलेलं! झालं. जिभेला काय हाड असतं? "लग्नाआधीच सुईण कशाला गं?" अशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली. त्या आठवड्यात विहिरीचं गोड पाणी मचूळ झालं, असं म्हणतात.

कुजबुज नवऱ्याच्या गावी पोचली. नवऱ्याचा बाप धावत आला. "माय, एवढंच सांग. फिलूसाठी गेली होतीस का?"

"चूळ भरून आले रे बाबा," माय म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, बाईने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? अहो, आज एका घराबद्दल 'नाही' म्हटलं, तर उद्या दुसऱ्या घराबद्दल गप्प बसणं म्हणजे 'होय'च की! माय घरी जाऊन रडली मात्र खूप. फिलूला या जगात तिनेच आणलं होतं.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं पुकारतात. तिसऱ्या रविवारी फादरांनी विचारलं, "कुणाची हरकत?" नवऱ्याचा बाप उठू लागला. तेवढ्यात माय उठली आणि जुआनाचा हात धरून उभी राहिली. बोलली काहीच नाही. असं म्हणतात, मेणबत्त्यांच्या ज्योती थरथरायच्या थांबल्या आणि बाहेर समुद्राची गाजही थांबली.

त्या शांततेत जुआनाच बोलली. "फादर, माय माझ्यासाठी आली होती. लेकीच्या लग्नाच्या वर्षी मला दिवस गेले, आणि बाळ हाती लागलं नाही. लोक हसतील म्हणून मीच तिला सांगू नकोस म्हटलं."

कुणी हसलं नाही. नवऱ्याच्या बापाने हात जोडले, आणि फिलूचं लग्न थाटात झालं.

माय कधी गेली, कुणाला नीट सांगता येत नाही. पहाटेच्या धुक्यात चालत गेली, असं म्हणतात. पण अजूनही त्या गावात तिसऱ्यांदा नावं पुकारली की सगळ्यांत म्हातारी बाई उठते आणि नवरीच्या आईचा हात धरून उभी राहते. तिचे पाय थकले असले तर दोघीजणी तिला धरून नेतात. आणि तोवर चर्चमध्ये कुणी खोकतसुद्धा नाही.