सुनादेची प्रतिभामुद्रा

कृतयुग सरत आले होते, पण देवांचे आणि माणसांचे येणेजाणे अजून पुरते थांबले नव्हते, त्या काळची ही कथा. पुण्यवंत माणसे देहत्यागानंतर स्वर्गाला जात; जिवंत माणसासाठी मात्र अमरावतीचे रत्नखचित द्वार केवळ एका मुद्रेने उघडे. तिला प्रतिभामुद्रा म्हणत. त्रैलोक्यात इतर कोणालाही न साधलेली विद्या ज्याच्या हाती असेल आणि तीन ऋषी ज्याची साक्ष देतील, त्यालाच ती मिळे. ती घेऊन आत गेलेल्याला पुन्हा पृथ्वीवर परतता येत नसे. परतावेसे कोणाला का वाटेल, हा प्रश्न देवांना कधी पडलाच नव्हता.

त्या सुमारास असुरांशी झालेल्या युद्धात इंद्राच्या मेघमंद्र नावाच्या मृदंगाच्या तोंडावरची चामड्याची पुडी फाटली. विश्वकर्म्याने सुवर्णतंतूंची नवी पुडी चढवली, पण थाप पडली की ओल्या लाकडावर काठी आपटल्यासारखा आवाज येई. अप्सरांची पावले चुकू लागली. गंधर्व एकमेकांवर खेकसू लागले. अखेर नारदांनी तापीतीरावर मृदंग घडवणाऱ्या सुनादेचे नाव सुचवले.

निमंत्रण ऐकताच सुनादा आनंदाने हसली. तिच्या सात शिष्यांमध्ये थोरली असलेली कुहू मात्र गंभीर झाली.

"माते, पुडीवर काळ्या शाईचे थर आम्हाला लावता येतात. पण त्यांना चिरा कशा पाडायच्या, हे आपण अजून शिकवलेले नाही. आपण तिकडेच राहिलात, तर पृथ्वीवरचे मृदंग मुके होतील."

"अगं, देवराजाचा मृदंग हाताखाली यावा, हे कोणत्या कारागिराचे स्वप्न नसते? काम झाले की इंद्राला विनंती करीन आणि येईन. तो काही दगड नाही."

"देव आहे," कुहू म्हणाली, "म्हणूनच भीती वाटते."

अमरावतीच्या द्वारी साक्षात बृहस्पती परीक्षेला बसले होते.

"किती यज्ञ केलेस?"

"एकही नाही."

"कोणते शास्त्र पढलीस?"

सुनादेने शाई घासून काळाकुट्ट झालेला अंगठा पुढे केला. देवगुरूंनी भुवया उंचावल्या.

दोन ऋषींनी तिची स्तुती केली. तिसरे साक्षीदार होते कोपनमुनी. ते आले तेच ओरडत. "हिची स्तुती मी करणार नाही! बारा वर्षांची माझी समाधी हिच्या एका थापेने मोडली. मेनका येऊन थकली होती, तेव्हा माझी पापणी लवली नव्हती. आणि हिची थाप पडताच माझी मान डोलू लागली!"

"याहून मोठी साक्ष कोणती?" असे म्हणत बृहस्पतींनी हसून मुद्रा उमटवली.

आत गेल्यावर सुनादेने लोहकीस आणि भाताची खळ कालवून मेघमंद्राच्या पुडीच्या मध्यभागी शाईचा पहिला थर दिला. तो वाळला की काळ्या गुळगुळीत दगडाने घासायचा, मग दुसरा थर, मग पुन्हा घासायचे. घासता घासता शाईला केसाएवढ्या चिरा पडतात आणि त्या चिरांतून पुडी मोकळी होते, बोलू लागते. पण तीन दिवस उलटले तरी थर ओलाच. जिथे माळेतले फूल कोमेजत नाही, तिथे शाई वाळणार कशी?

सुनादा इंद्रसभेत जाऊन उभी राहिली. "देवराज, हे काम इथे होणार नाही. मला मृदंग घेऊन पृथ्वीवर जाऊ द्या."

इंद्राचे सहस्र नेत्र लाल झाले. "अमरावतीत काय उणे आहे?"

"चीर उणी आहे."

"स्वर्गात कशालाही चीर जात नाही, मानवी!"

"म्हणूनच आपला मृदंग मुका आहे, महाराज."

इंद्राचा हात वज्राकडे गेला. पण सुनादा बोलत राहिली. "आपण मला इथे आणलेत ते माझ्या विद्येसाठी. ती विद्या ज्या उन्हात आणि ज्या मातीत पिकली, त्यांच्यापासून मला तोडलेत, तर आपल्या हाती नुसता अंगठा उरेल. तिथे सात मुली अर्धी विद्या घेऊन माझी वाट पाहत आहेत. आपल्या सुखासाठी त्यांची उरलेली अर्धी हिरावू नका."

"परतीचा नियमच नाही!" इंद्र गरजला.

"मग आता करावा लागेल," बृहस्पती शांतपणे म्हणाले. "नाहीतर यापुढे अप्सरांना मौनातच नाचायला शिकवा."

कोणीतरी खुदकन हसले. बहुधा रंभा असावी. मग गंधर्व हसले, मरुद्गण हसले, आणि शेवटी ओठ आवळून बसलेल्या इंद्रालाही हसू आवरेना. वज्रावरचा हात त्याने वर उचलला तो आशीर्वादासाठी.

"सुनादे, वर देतो. ज्याची विद्या त्याला दूर नेईल, त्याची घरची वाट कोणी अडवणार नाही. तो हवे तेव्हा जाईल, हवे तेव्हा येईल. आणि दोन्हीकडे त्याला कोणी परका म्हणणार नाही."

सुनादा मेघमंद्र पाठीवर बांधून तापीतीरी उतरली. उन्हात थर वाळले. तिने कुहूच्या हातात दगड दिला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून पहिली चीर पाडली. सातव्या दिवशी थाप पडली, तेव्हा ढग नसलेल्या आकाशात गडगडाट झाला आणि अमरावतीतल्या अप्सरांनी न सांगता ठेका धरला.

त्या दिवसापासून अमरावतीचे द्वार, जे पूर्वी केवळ आत उघडे, ते बाहेरही उघडू लागले. आणि मेघमंद्राचा आवाज बसला की स्वतः इंद्र तो घेऊन पृथ्वीवर येतो, शाई वाळेपर्यंत अंगणात मांडी घालून बसतो आणि मृदंग घडवणाऱ्यांच्या गप्पा ऐकतो.