डोंगरबाबांची अर्धी दाढी

फार जुनी गोष्ट. तेव्हा निंबळवाडीच्या नदीवर पूल नव्हता आणि लोकांना घाईही नव्हती. गावात गेनू न्हावी होता. हात हलका, पण जीभ? बाप रे! एका गालावरची दाढी उतरेपर्यंत गेनूच्या पंचक्रोशीतल्या बातम्या सांगून व्हायच्या.

वरच्या डोंगरात एक साधू राहायचे. सगळे त्यांना डोंगरबाबा म्हणत. गेनूचा त्यांच्यावर भारी जीव. रोज भाकरी घेऊन डोंगर चढायचा आणि विनवायचा, "बाबा, एकदा या हातून दाढी करून घ्या. माझ्याकडं देण्यासारखं दुसरं काय हाय?" बाबा नुसते हसायचे.

एके सकाळी बाबा आपणहून खाली आले आणि दारातल्या लिंबाखाली गेनूच्या पाटावर बसले. गेनूला आभाळ ठेंगणं झालं! एक गाल उतरवला आणि त्याला काही राहवेना. वस्तरा ठेवून तो वेशीपर्यंत पळाला. "अरं, या रं, बघा! बाबा माझ्यापुढं बसलेत!" गाव जमवून परत येतो, तर पाट रिकामा. बाबा डोंगरातही नव्हते आणि नदीपलीकडंही नव्हते.

गेनू लहान लेकरासारखा रडला. देवमाणूस दारी आला आणि आपण मिरवत सुटलो! आपल्यापायी गुरूला अर्ध्या दाढीनं जावं लागलं, ही बोच त्याला स्वस्थ बसू देईना. त्या दिवसापासून तो रोज बाबांसाठी पाट मांडायचा, पाणी कोमट करायचा आणि मगच गावाच्या दाढ्यांना हात घालायचा. वर्षांमागून वर्षं गेली. बायको चिमाई म्हणायची, "अवो, बाबांची दाढी आता गुडघ्याला लागली असंल!"

"लागू दे. ते येणार. आन् नेमका मी हितं नसलो तर?"

म्हणून तो कधी परगावी मुक्कामाला राहिला नाही, असं म्हणतात.

पुढं त्याच्या लेकीचं, येसूचं लग्न ठरलं. जावयाची दाढी गेनू दुसऱ्याला करू देतोय होय? मांडवाबाहेर त्यानं जावयाचा एक गाल उतरवला, मान वर केली, तर समोर डोंगरबाबा! असं म्हणतात, की उतरवलेल्या गालावर इतक्या वर्षांत एकही केस उगवला नव्हता आणि दुसऱ्या बाजूची दाढी खरंच गुडघ्यापर्यंत आली होती.

बाबा पाटावर बसले. जावई तसाच राहिला. विहीणबाई कडाडल्या, "अवो व्याही, मुहूर्त टळतोय! पोरगं अर्धंच ठिवलंत!" गेनूनं तिकडं पाहिलंही नाही. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. साऱ्या जगाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पठ्ठ्यानं तोंडातून शब्द काढला नाही. त्याचा वस्तरा चालेस्तोवर सूर्य म्हणे लिंबाच्या शेंड्यावर थांबून राहिला. मग मुहूर्ताची काय बिशाद टळायची!

बाबांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. "झाली रे गेनू. आता बोलव कुणाला बोलवायचंय ते."

गेनूनं अशी हाक दिली, की नदीपलीकडची गावं कामं टाकून धावत आली. भांडलेले आले, अबोला धरलेले आले. सगळे पोटभर जेवले, तरी बुंदी उरली, असं म्हणतात.

निंबळवाडीत अजूनही लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा आधी एकच गाल उतरवतात. तशा तोंडानं त्यानं, मुलीच्या घराशी ज्यांचं वाकडं असेल त्यांच्या दारी जायचं आणि गेनूबाचं नाव घेऊन जेवायला बोलवायचं. परगावचे नवरदेव आधी फार कुरकुरतात. पण आजवर कुणाला नकार मिळाल्याचं ऐकिवात नाही. अर्ध्या दाढीचा जावई दारात बघून हसू फुटतंच, आणि एकदा हसल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?