तिसऱ्या करवंटीतला ढेकूण

"पैलवानाला बोट लावायचं नाही, त्याच्या रक्ताचा थेंब काढायचा नाही, आणि उद्या दुपारपर्यंत सिद्ध करायचं! नाही जमलं, तर गोजरे, तुझा भाऊ जन्मभर माझ्या हत्तीचं शेण उचलेल!" गहिनराजे सिंहासनावरून गरजले.

झालं होतं असं, की गोजराचा भाऊ म्हसू कुस्तीत हरला आणि गोजरा भर आखाड्यात ओरडली, "रंगराव वाघधरेनं हत्तीबळ चूर्ण खाल्लंय!" चूर्णाला राज्यात बंदी. ते खाल्लं की माणूस दमतच नाही म्हणे! पण वाघधरे पडला राजांचा लाडका. राजांना दमदार गडी फार प्रिय. स्वतः ऐन साठीत दसऱ्याला गडाच्या तीनशे पायऱ्या पळत चढले होते, आणि त्याचा पोवाडा दरबाराला रोज उभ्यानं ऐकावा लागे.

चूर्ण खाणारा ओळखायचा कसा, याचं संशोधन राजवैद्य तीन वर्षं करत होते.

"कुठवर आलं?" राजांनी विचारलं.

"अजून बारा वर्षं, महाराज. आणि रोज शेरभर बदाम."

"पैलवानांना?"

"छे छे, मला! विचार मीच करतो ना!"

गोजरा काही वैद्य नव्हती. तालमीतल्या घोंगड्यांपासून दरबारातल्या गाद्यांपर्यंत सगळं झटकायचं, एवढंच तिचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एक परात आणि फडकं बांधलेल्या तीन करवंट्या घेऊन हजर!

"हे काय?"

"ढेकूण, महाराज! थेंब मी काढला नाही. यांनी आधीच काढून ठेवलाय!"

दरबारी नाक दाबून मागे सरले, आणि बघायला परत पुढे आले.

पहिली करवंटी परातीत उपडी झाली. म्हसूच्या घोंगडीतला ढेकूण चार पावलं चालला आणि बसला. दुसरा वाघधरेच्या गादीतला. तो सुटला, दोन फेऱ्या मारल्या, आणि जाता जाता पहिल्याला धोबीपछाड घालून गेला!

"ढेकूण जातीनंच चपळ!" वाघधरे भडकला. "त्याचं खापर माझ्यावर?"

"बरोबर!" राजे खूश झाले. "ढेकूण खरं सांगतो कशावरून?"

"म्हणून तर तिसरा आणलाय, सरकार. याचा धनी कोण, ते मी सांगत नाही. एवढंच सांगते, की त्याच्या गादीवर दुसरं कुणी नुसतं टेकलं, तरी मुंडकं उडतं!"

तिसरा ढेकूण सुटला! तीन फेऱ्या मारल्या, परातीचा काठ ओलांडला आणि थेट राजवैद्यांच्या पगडीवर चढला. वैद्यबुवांना दरदरून घाम फुटला. राजे सिंहासनावर हळूच एका कडेला सरकले.

"ढेकूण खरा की खोटा, ते आता त्या धन्यालाच ठाऊक," गोजरा म्हणाली. "नाव घेऊन विचारू का, महाराज?"

"नको! नको!" राजे किंचाळले, आणि मग असे हसत सुटले, की मुकुट घरंगळून परातीत पडला. "सोळा आणे खरा, गोजरे! सोळा आणे खरा!"

गदा म्हसूला मिळाली, शेणाची पाटी वाघधरेला, आणि वैद्यबुवांचे शेरभर बदाम रोज गोजराच्या घरी जाऊ लागले. पायऱ्यांचा पोवाडा त्याच दिवशी बंद झाला. आणि सिंहासनाची गादी? ती राजे स्वतःच झटकू लागले!