साळिंदराचा रिकामा द्रोण

फार जुन्या काळी, रानातली भांडणं पंजांऐवजी खेळानं मिटत, तेव्हाची ही गोष्ट.

दोन रानांच्या मधे एकच तळं होतं. उन्हाळ्यात त्याचं पाणी आधी कोणी प्यायचं, हे दरवर्षी एका सामन्यावर ठरे. दोन उंबरांना दोन टोपल्या टांगायच्या आणि पाच-पाच खेळाडूंनी एकमेकांना अडवत त्यांत कवठं टाकायची. खेळाडूंचं पोट खेळावरच चाले. त्यांना तळ्याकाठी राहायला जागा मिळे.

अलीकडच्या रानाचा राजा होता सिंह. तीन वर्षं त्याचंच रान जिंकत होतं. सामन्यात कोल्हा प्रत्येक खेळाडूच्या नावानं पानाचा द्रोण मांडी आणि ज्यानं कवठ टाकलं, त्याच्या द्रोणात एक खडा टाकी. माकडाचा द्रोण शिगोशीग भरे. साळिंदराच्या द्रोणात तीन वर्षांत एक खडा पडला नव्हता.

"महाराज, हे फुकटचं खातंय," कोल्हा म्हणाला. "आणखी एक नेमबाज माकड मिळालंय. याच्या जागी त्याला घ्या."

सिंहाला काही सुचेना. जिंकतोय तर कशाला हात लावा, असं एकदा वाटे. मग रिकाम्या द्रोणाकडे लक्ष जाई आणि कोल्ह्याचं पटे. दोन दिवस त्याला शिकारही गोड लागली नाही. शेवटी त्यानं साळिंदरालाच बोलावलं.

"तू मैदानात करतोस तरी काय?"

साळिंदरानं मान खाली घातली. "माकडाच्या पुढं उभा राहतो, महाराज. काटे फुलवून. दुसरं काही जमत नाही मला."

सिंहाला त्याची दया आली, पण द्रोण तर रिकामाच होता. त्यानं साळिंदराला खेळातून काढलं आणि त्याच्या जागी दुसरं माकड घेतलं. साळिंदर पिलांना घेऊन दूरच्या कोरड्या माळावर राहायला गेलं.

यंदाचा सामना सुरू झाला. माकडानं कवठ उचललं की पलीकडचे तिघे त्याच्या अंगावर येत. दुसऱ्या माकडाचीही तीच गत. सिंह चक्रावला. नेमबाज दुप्पट झाले, मग कवठं निम्मी कशी? त्यानं कोल्ह्याला खडे पुन्हा मोजायला लावले. खडे तेवढेच भरले. कोल्ह्यालाही काही उमजेना.

अलीकडचं रान हरलं.

जाता जाता पलीकडच्या रानाचं अस्वल म्हणालं, "यंदा तुमचं ते काटेवालं कुठं गेलं? तीन वर्षं त्याला वळसे घालण्यातच आमचा दम जायचा, आणि तेवढ्यात तुमचं माकड मोकळं सुटायचं."

सिंह तसाच उठून माळावर गेला. साळिंदराची पिलं एक वाळली मुळी चाटत बसली होती. ते पाहून त्याला स्वतःची लाज वाटली.

"तू एवढं काम करत होतास, मग तेव्हा बोलला का नाहीस?"

साळिंदर म्हणालं, "महाराज, मलाही तो द्रोणच दिसत होता. मला खरंच वाटलं, मी काही करत नाही."

सिंहानं त्याला पिलांसह तळ्याकाठी परत आणलं. पण त्या उन्हाळ्यात पलीकडच्या रानाचं पिऊन झाल्यावर तळाचा गाळ उरला, आणि अलीकडच्या रानानं तोच प्यायला. हसू नका, आपणही खडेच मोजत असतो.

तात्पर्य : फळ कोणाच्या हातून टोपलीत पडलं एवढंच पाहू नये, त्या हाताला वाट कोणी करून दिली, तेही पाहावं.